जुन्या नेटबुकवर आजची ऑपरेटिंग सिस्टीम कशी बसवावी

आसूसच्या ई पीसी ७०१ने २००७ साली सुरू झालेली ही छोट्या लॅपटॉपची जात. सात ते दहा इंची पडदा, अ‍ॅटम प्रोसेसर, एक जीबी रॅम. पाच-सहा वर्षांत ती बाजारातून गेली, पण घराघरांतल्या कपाटांत अजून आहे. यातली बरीच यंत्रे आजही धड चालतात. बिजागऱ्या घट्ट असतात, कीबोर्ड चांगला असतो. बाद झालेली असते ती आतली ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोज एक्सपीची सुरक्षा अद्यतने ८ एप्रिल २०१४ला थांबली, विंडोज ७ची १४ जानेवारी २०२०ला आणि विंडोज १०ची १४ ऑक्टोबर २०२५ला. विंडोज ११ची ३२ बिट आवृत्तीच नाही, शिवाय तिला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. त्यामुळे या यंत्रांसाठी लिनक्स हाच खरा मार्ग उरतो, आणि ‘अपग्रेड’ म्हणजे जुने पुसून नवे बसवणे. जुन्यावर नवे चढवण्याच्या भानगडीत पडू नका.

सगळ्यात आधी प्रोसेसर ओळखा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर ठरतो. बायोसच्या, म्हणजे यंत्र चालू होताना आधी जागा होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, पहिल्या पानावर किंवा विंडोजमध्ये ‘माय कॉम्प्युटर’च्या प्रॉपर्टीजमध्ये नाव दिसते. एन२७० किंवा एन२८० असेल तर प्रोसेसर फक्त ३२ बिट आहे. २००८-०९मधली बहुतेक नेटबुके याच गटात येतात. एन४५० आणि त्यानंतरचे एन४५५, एन५५०, एन५७०, एन२६०० हे ६४ बिट आहेत. कारखान्यातून त्यांवर ३२ बिट विंडोज ७ स्टार्टर आलेले असे, म्हणून अनेकांचा समज होतो की यंत्रही ३२ बिटच आहे. तो समज तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

झेड५२० आणि झेड५३० हे प्रोसेसर अवघड जातीचे. तेही ३२ बिट, पण खरी अडचण त्यांच्यासोबतच्या जीएमए ५०० या ग्राफिक्स चिपची आहे. तिचा गाभा इंटेलने इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या पॉवरव्हीआर मालिकेतून घेतला होता. लिनक्सच्या कर्नलमधला, म्हणजे गाभ्यातला, ड्रायव्हर पडदा नीट दाखवतो, पण चित्र रंगवण्याचे सगळे ओझे प्रोसेसरवरच पडते. एन२६०० आणि एन२८००मधल्या जीएमए ३६०० आणि ३६५० यांचीही तीच गत. अशा यंत्रावर मजकूर लिहिणे-वाचणे निभते. व्हिडिओची आशा धरू नये.

ई पीसी ७०१मध्ये अ‍ॅटम नाही, ९०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन एम आहे आणि कारखान्यातून तो ६३०वर चालवलेला असतो. त्या पिढीतले काही सेलेरॉन एम आपल्याला पीएई (जास्त रॅम हाताळण्याची प्रोसेसरची एक सोय) येते हे कर्नलला सांगतच नाहीत. मग पीएई कर्नल असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह सुरुवातीलाच नकार देते. डेबियनचे ३२ बिट इन्स्टॉलर पीएई नसलेला कर्नलही बाळगते आणि योग्य तो स्वतः निवडते, म्हणून या यंत्रासाठी तेच बरे.

आता रॅम आणि डिस्क. इथे केलेला खर्च कोणत्याही सेटिंगपेक्षा जास्त फळतो. एन२७०, एन२८०, एन४५०ची बहुतेक यंत्रे २०० पिनांची डीडीआर२ लॅपटॉप रॅम घेतात आणि कमाल मर्यादा २ जीबी असते. खाच एकच असते, म्हणून एकच २ जीबीची पट्टी घ्यायची आणि जुनी १ जीबीची काढून ठेवायची. ६६७ मेगाहर्ट्झची पट्टी ५३३वर बिनतक्रार चालते. एन४५५ आणि एन५५० डीडीआर३ घेतात. तिच्या पिना २०४ असतात आणि पट्टीच्या कडेवरची चीर वेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी बसत नाही, तेव्हा जोर लावू नका. एसर अ‍ॅस्पायर वनच्या पहिल्या मॉडेलमध्ये ५१२ एमबी बोर्डावरच डकवलेली आहे, म्हणून तिथे एकूण दीड जीबीच्या पुढे जाता येत नाही. तेवढ्यासाठीही अख्खे यंत्र उघडावे लागते, कारण रॅमची खाच बोर्डाच्या पलीकडच्या अंगाला आहे.

डिस्क अडीच इंची साटा (ही डिस्क जोडण्याची एक पद्धत) असेल तर साधा साटा एसएसडी सरळ बसतो. नवा एसएसडी जुन्या वेगाच्या जोडणीवरही चालतो. बहुतेक एसएसडी ७ मिमी जाडीचे असतात आणि जागा साडेनऊ मिमीची, म्हणून सोबत येणारी प्लास्टिकची चौकट चिकटवा, नाहीतर कनेक्टरवर ताण येतो. याला अपवाद ई पीसी ७०१, ९०१ आणि अ‍ॅस्पायर वनचे ८ जीबीचे मॉडेल. ७०१ची साठवण सहसा बोर्डावरच डकवलेली असते, बाकीच्यांची वेगळ्याच प्रकारच्या छोट्या कार्डावर असते. ९०१मधले कार्ड दिसते मिनी पीसीआय एक्स्प्रेससारखे, पण आतली जोडणी नेहमीची नसते, त्यामुळे नवे एमसाटा कार्ड त्यात चालत नाही. या जुन्या कार्डांचा लिहिण्याचा वेग फार कमी असतो. यंत्र मध्येच दहा-दहा सेकंद गोठते ते त्यामुळेच. रॅम वाढवून ते गोठणे थांबत नाही.

झाकण उघडलेच आहे तर बायोसची सीआर२०३२ बॅटरीही बदला. ती मेली की घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालात जाते. घड्याळ चुकले की ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध ठरवतो आणि पॅकेज यादी उतरवताना ‘ही फाइल अजून वैध नाही’ अशी चूक येते. वायफाय बिघडले, सर्व्हर बंद आहे, अशा शंका घेत लोक तासन् तास घालवतात, आणि कारण असते एक छोटी गोल बॅटरी.

कोणती सिस्टीम निवडावी? ३२ बिट यंत्रांसाठी पर्याय झपाट्याने आटत आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ला ३२ बिट पीसीसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. म्हणून एन२७० आणि एन२८०वर डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, बसवा. तिची दीर्घकालीन देखभाल जून २०२८पर्यंत चालणार आहे. तिच्यावरच बेतलेली अँटीएक्स २३ कमी रॅमच्या यंत्रांसाठी घडवलेली आहे, आणि १ जीबी किंवा त्याहून कमी रॅम असेल तर तीच घ्यावी. आइसडब्ल्यूएमचा डेस्कटॉप उघडल्यावर ती साधारण २०० एमबीच्या आसपास रॅम घेते. डेबियनवर एक्सएफसीई हा डेस्कटॉप घेतला तर त्याच्या दुप्पट सहज जाते.

६४ बिट प्रोसेसर असेल आणि रॅम २ जीबी करता येत असेल तर डेबियन १३ची ६४ बिट आवृत्ती बसवा. ६४ बिट प्रोग्राम थोडी जास्त रॅम खातात, म्हणून जुने सल्ले ‘१ जीबीवर ३२ बिटच बरे’ असे सांगतात. आज तो सल्ला मानू नका. ३२ बिट आवृत्त्या एकामागून एक बंद होत आहेत आणि ब्राउझर त्यात सगळ्यात पुढे आहेत. फायरफॉक्सने लिनक्सवरचा ३२ बिट पाठिंबा १४५व्या आवृत्तीपासून काढून घेतला. ३२ बिट यंत्रांसाठी १४० ही दीर्घ मुदतीची (ईएसआर) आवृत्ती उरली आहे. क्रोमने तर २०१६मध्येच हात वर केले.

पुसण्याआधी जुना माल वाचवा. नुसती ‘माय डॉक्युमेंट्स’ नको, डेस्कटॉप, ब्राउझरचे बुकमार्क आणि ईमेल प्रोग्रामचे फोल्डरही घ्या. पूर्वीची सिस्टीम कधीतरी लागेल असे वाटत असेल तर क्लोनझिलाच्या ३२ बिट आवृत्तीने पूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुनी डिस्क काढून नवा एसएसडी बसवत असाल तर हे काम वाचते: जुनी डिस्क तशीच पाकिटात घालून ठेवा.

पेनड्राइव्ह ८ किंवा १६ जीबीचा घ्या. फार मोठ्या पेनड्राइव्हवर जुने बायोस अडखळते. डेबियन १२ आता मुख्य पानावर मिळत नाही. डेबियनच्या संकेतस्थळावर प्रतिमांच्या संग्रहात १२ची शेवटची उपआवृत्ती शोधा आणि तिथून आय३८६ची, म्हणजे ३२ बिट पीसीची, नेटइन्स्ट प्रतिमा (छोटी इन्स्टॉलर फाइल; बाकीची पॅकेजे ती इंटरनेटवरून आणते) उतरवा. तिच्याशेजारी दिलेला एसएचए२५६ आकडा पडताळून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल करताना मध्येच अडते आणि तेव्हा दोष डिस्कचा वाटतो.

प्रतिमा फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, ती बिट-न्-बिट लिहावी लागते. विंडोजवर रुफस वापरा. विभागणीचा प्रकार एमबीआर आणि लक्ष्य बायोस ठेवा, आणि पद्धत विचारली तर ‘डीडी’ निवडा. या पिढीतल्या जवळपास सर्व नेटबुकांना यूईएफआय (बायोसची नवी पिढी) ठाऊक नाही, त्यामुळे जीपीटी निवडून लिहिलेला पेनड्राइव्ह त्यांना दिसतच नाही.

आता बायोस. आसूस, एसर, लेनोवो, सॅमसंग यांत चालू करताच एफ२, एचपी मिनीत एफ१०. बूट मेनूसाठी ई पीसीत एस्केप, एसर आणि लेनोवोत एफ१२, एचपीत एफ९. एसरमध्ये एफ१२ काही करत नसेल तर बायोसमध्ये ‘एफ१२ बूट मेनू’ हा पर्याय बंद असतो; तो चालू करा.

ई पीसीत दोन खास अडचणी आहेत. पहिली ‘बूट बूस्टर’. हा पर्याय चालू असताना यंत्र सुरुवातीची तपासणी गाळून थेट डिस्ककडे जाते, त्यामुळे कळा दाबायला वेळ जेमतेमच मिळतो. बायोसमध्ये शिरून तो बंद करा. दुसरी अडचण: पेनड्राइव्ह यंत्र बंद असतानाच लावलेला असावा लागतो, आणि तो ‘रिमूव्हेबल’ यादीत येईलच असे नाही. बऱ्याचदा तो ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ या उपयादीत दुसऱ्या क्रमांकावर लपलेला असतो. तिथे त्याला वर आणा, मग बूट क्रम ठरवा.

साटाचा प्रकार निवडायची सोय असेल तर एएचसीआय ठेवा. जुने एक्सपी पुन्हा लागणार असेल तर मात्र हे बदलू नका, नाहीतर एक्सपी निळ्या पडद्यावर थांबेल. बायोसची नवी आवृत्ती चढवण्याच्या फंदात निष्कारण पडू नका. बॅटरी मेलेल्या यंत्रात मध्येच वीज गेली तर बोर्डच निकामी होतो.

इन्स्टॉल करताना चार्जर लावलेला हवा. बॅटरी फुगलेली असेल तर ती काढून ठेवा, यंत्र नुसत्या चार्जरवर चालते. मेनूतून ‘ग्राफिकल इन्स्टॉल’ घेऊ नका, साधे ‘इन्स्टॉल’ घ्या. १०२४ बाय ६०० पडद्यावर ग्राफिकल रूप कसेबसे मावते, आणि ७०१च्या ८०० बाय ४८०वर बटणे खाली कापली जातात. मजकुरी रूप रॅमही कमी खाते. रॅम फारच थोडी असेल तर इन्स्टॉलर स्वतःहून कमी-रॅमच्या रीतीत जाते. तेव्हा घाबरू नका, विचारेल त्याची उत्तरे देत जा.

नेटवर्कसाठी शक्य असेल तर केबल लावा. डेबियन १२पासून मुक्त नसलेले फर्मवेअरही प्रतिमेतच येते, त्यामुळे अनेक वायफाय कार्डे तिथेच ओळखली जातात. केबल नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा. इन्स्टॉलरला तो साधे नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो.

रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड विचारला की तो रिकामा सोडा. मग तुमच्या वापरकर्त्यालाच सुडोचे अधिकार मिळतात आणि एक पासवर्ड कमी लक्षात ठेवावा लागतो. डिस्कसाठी ‘संपूर्ण डिस्क वापरा’, ‘सर्व फाइली एकाच विभागात’ हे निवडा. छोट्या डिस्कवर होमचा वेगळा विभाग केला तर एकीकडे जागा संपते आणि दुसरीकडे पडून राहते. फाइलव्यवस्था एक्सटी४.

सॉफ्टवेअर निवडीचा पडदा आला की नोम हा जड डेस्कटॉप काढून टाका. आधीच खूण केलेली असते, म्हणून इथे घाईने पुढे जाणाऱ्यांचे यंत्र नंतर चिखलात रुतल्यासारखे चालते. स्पेसबारने एलएक्सडीई किंवा एलएक्सक्यूटी निवडा आणि ‘स्टँडर्ड सिस्टीम युटिलिटीज’ राहू द्या. ४ जीबीच्या डिस्कवर मात्र डेस्कटॉपचा कोणताही पर्याय निवडू नका. नुसता पाया साधारण दोन जीबीत बसतो. त्यावर नंतर एक्सऑर्ग, आइसडब्ल्यूएम आणि एक टर्मिनल एवढेच घाला.

शेवटी ग्रब, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, कुठे बसवायचा हे विचारले जाते, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या यंत्रात पहिले डिस्क-नाव, म्हणजे एसडीए, कधीकधी पेनड्राइव्हला मिळते आणि आतली डिस्क एसडीबी होते. डोळे झाकून पहिला पर्याय घेतला तर ग्रब पेनड्राइव्हवर बसतो. मग पेनड्राइव्ह लावलेला असला की यंत्र सुरू होते, काढला की ‘ऑपरेटिंग सिस्टीम सापडली नाही’. नावाशेजारी उत्पादकाचे नाव आणि आकार लिहिलेला असतो, तो वाचून आतली डिस्क निवडा.

अँटीएक्स घेतली असेल तर ती आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते: वापरकर्ता डेमो, पासवर्डही डेमो, रूटसाठी रूट आणि रूट. वायफाय, आवाज, पडद्याची चमक, झाकण मिटल्यावर झोपणे हे सगळे तपासा आणि मगच डिस्कला हात लावा. तिची पूर्ण आवृत्ती ४ जीबीवर मावत नाही. तिथे कोअर आवृत्ती घ्या.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर पडदा काळा राहिला तर ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबा आणि लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द रोमन अक्षरांत जोडून एफ१० दाबा. चित्र आले म्हणजे दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा. अंधारात चित्र अगदी पुसट दिसत असेल तर मात्र ड्रायव्हर ठीक आहे आणि फक्त मागचा दिवा शून्यावर गेला आहे. चमक वाढवायची कळ दाबून पाहा.

वायफाय चिपनुसार वागते. ई पीसी ७०१ आणि अ‍ॅस्पायर वनमधली अ‍ॅथेरॉसची कार्डे फर्मवेअरशिवाय चालतात. ई पीसी ९०१मधल्या रालिंकला फर्मवेअर लागते आणि ते डेबियनमध्ये आहे. डेल मिनी आणि एचपी मिनीत बऱ्याचदा ब्रॉडकॉम ४३१२ असते. तिचे फर्मवेअर वाटण्याची परवानगी डेबियनला नाही, म्हणून बी४३ एलपीफाय नावाचे इन्स्टॉलर पॅकेज ते इंटरनेटवरून ओढून आणते. म्हणजे वायफाय सुरू करण्यासाठी आधी इंटरनेट हवे! केबल किंवा फोनचे टेदरिंग इथे कामी येते.

रॅमची ओढाताण कमी करायला झेडरॅम-टूल्स हे पॅकेज घाला. ते रॅमचाच एक हिस्सा दाबून स्वॅप, म्हणजे रॅम भरल्यावरची जादा जागा, म्हणून वापरते. प्रमाण ५० टक्के ठेवा आणि दाबण्याची पद्धत एलझेड४. झेडएसटीडी जास्त दाबते, पण अ‍ॅटमला ती जड जाते. डिस्कवरचा स्वॅपही राहू द्या, झेडरॅम आधी भरतो. फाइलव्यवस्थेच्या यादीत, म्हणजे एफएसटॅबमध्ये, नोएटाइम जोडा, म्हणजे फाइल नुसती वाचली तरी डिस्कवर लिहिले जाणार नाही. जुन्या मंद कार्डांवर हा फरक चटकन कळतो. साटा एसएसडी असेल तर एफएस-ट्रिमचा टायमर चालू आहे ना ते पाहा.

स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-दोषांवरचे उपाय बंद करून वेग वाढवण्याचा सल्ला जिथे-तिथे दिला जातो. हे अ‍ॅटम सूचना ओळीने, एकामागून एक पार पाडतात, पुढच्या सूचनांना अंदाजाने हात घालत नाहीत. त्यामुळे ते दोष त्यांना लागूच नाहीत आणि तो बदल करून हाती काही लागत नाही.

संवादपेटीची बटणे ६०० ओळींच्या पडद्याखाली गेली तर आल्ट दाबून धरा आणि खिडकी माउसने कुठेही पकडून वर ओढा. पॅनेल आपोआप लपणारे करा, अक्षराचा आकार एक-दोन अंकांनी घटवा. हलक्या सिस्टीममध्ये देवनागरी फॉन्ट कधीकधी नसतात आणि मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात. लोहित देवनागरी किंवा नोटोचे पॅकेज घातले की झाले. टाइप करण्यासाठी आयबस आणि त्याचे एम१७एन पॅकेज.

ब्राउझर हे या यंत्राचे सगळ्यात दुखरे ठिकाण. फायरफॉक्स ईएसआर घ्या, त्यात युब्लॉक ओरिजिन घाला, दोन-तीनपेक्षा जास्त टॅब उघडू नका. जाहिराती अडवल्याने एन२७०वर पान उघडण्याचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. नुसते लेख वाचायचे असतील तर डिलो किंवा नेटसर्फ क्षणात उघडतात, मात्र जावास्क्रिप्टवर उभी असलेली संकेतस्थळे त्यांत मोडतात. एन२७०सोबतची जीएमए ९५० ही ग्राफिक्स चिप एच२६४ व्हिडिओ उलगडायला मदत करत नाही, म्हणून व्हिडिओ ब्राउझरऐवजी एमपीव्हीत, ३६० ओळींचा आणि एच२६४ स्वरूपातला निवडून पाहा. ७२०ला चित्र तुटते.

आणि एक फाइल आवर्जून उघडून पाहा: पॅकेजांचे स्रोत लिहिलेली. ३२ बिट यंत्रावर तिथे ‘स्टेबल’ हा शब्द असेल तर तो बदलून बुकवर्म करा, सुरक्षा आणि अद्यतनांच्या ओळींतही. ‘स्टेबल’ आता डेबियन १३कडे बोट दाखवतो. पुढच्या अद्यतनात यंत्र १३ची पॅकेजे ओढायला लागेल, त्याला तिथे ३२ बिट कर्नल मिळणार नाही आणि अर्धी जुनी, अर्धी नवी अशी सिस्टीम हातात उरेल. ती दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा पेनड्राइव्ह लावून पहिल्यापासून बसवणे लवकर होते, तेव्हा तो पेनड्राइव्ह पुसू नका.